कॅथीचा निर्दोषपणा

ललितवाङ्मयामुळें समाजांत कांहीं प्रत्यक्ष फरक पडतो कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे कलावादी आणि जीवनवादी ह्या दोन पक्षांनीं पुष्कळ वर्षें लढविला. पण दोघांनींहि त्यांत उदाहरणांपेक्षां सिद्धान्तच अधिक खर्ची घातले. इंग्लंडांत असा वाद निघाला म्हणजे एक उदाहरण हटकून पुढें येतें. १६ नोव्हेंबर १९६६ रोजीं रात्रीं बी. बी. सी. नें ‘कॅथी कम होम’ ह्या नांवाचा एक नाट्यपट दूरचित्रवाणीवर दाखविला. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच, निर्माता टोनी गार्नेट. तो सुमारें १ कोटि २० लक्ष लोकांनीं पाहिला. म्हणजे देशांतील दर पांच माणसांत एकाहून अधिक माणूस त्या वेळीं पडद्यासमोर बसला होता. पंधरा दिवसांत ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीं झटणारी संस्था निघाली, आणि पुढें घर नसलेल्या कुटुंबास आसरा देण्याचें कर्तव्य स्थानिक कौन्सिलांवर टाकणारा कायदा झाला. एका नाटकानें एवढें केलें, अशी ही कथा सांगण्यांत येते.

ह्या कथेंत तथ्य आहे. तथापि ती फारच नीटनेटकी आहे. शेल्टरची तयारी नाट्यपटापूर्वींच चालू होती. १ डिसेंबर १९६६ रोजीं ती संस्था लोकांपुढें आली तेव्हां लोकांच्या डोळ्यांतलें पाणी अद्याप वाळलें नव्हतें, हा तिचा भाग्ययोग. कायदा तर अकरा वर्षांनीं, १९७७ सालीं झाला, आणि तो स्टीफन रॉस ह्या लिबरल पक्षाच्या सभासदानें खाजगी विधेयक म्हणून मांडला होता. तेव्हां नाटक हें कारण व कायदा हें कार्य, असा सरळ संबंध जोडणें धाडसाचें आहे. आम्हांला ह्या दोहोंत निराळाच संबंध दिसतो, आणि तो नाट्यपटाच्या स्तुतिपाठकांस फारसा रुचेल असें वाटत नाहीं. कॅथीनें प्रेक्षकांस बेघरांविषयीं रडावयास शिकविलें, हें खरें. पण कोणत्या बेघराविषयीं रडावें आणि कोणत्याविषयीं रडूं नये, हेंहि तिनेंच शिकविलें. कायदा करणारांनीं नाट्यपट समोर ठेवून कलमें लिहिलीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु नाट्यपटाची नायिका आणि कायद्याची नायिका ह्या सख्ख्या बहिणी आहेत, एवढें दाखवितां येईल अशी आमची समजूत आहे.

आधीं कथानक पाहूं. कॅथी ही आईबापांचें घर सोडून लंडनला आलेली तरुण मुलगी. रेज हा गाडी हांकणारा उमदा कामगार. दोघांचें जमतें, लग्न होतें, नव्या धर्तीच्या एका बिऱ्हाडांत संसार थाटला जातो. त्या बिऱ्हाडांत मुलें ठेवण्यास बंदी आहे, आणि कॅथीला दिवस गेले आहेत. तशांत रेजला अपघात होतो व मिळकत तुटते. येथून पुढें संविधानक एखाद्या जिन्यासारखें पायरी पायरीनें उतरत जातें. सासूच्या घरांतील दाटी ही पहिली पायरी. मग एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या कृपेनें मिळालेलें घर. ती मरते आणि बेलिफ दाराशीं येतात. मग चाकांवरची कॅरव्हॅन, तिच्याभोंवतीं शेजारच्या वस्तीचा रोष, आणि आग. शेवटीं कौन्सिलचें आश्रयगृह, जेथें बायकामुलांना जागा आहे पण नवऱ्याला मज्जाव आहे. तेथूनहि निघावें लागतें, आणि एका रेल्वे स्टेशनांत रात्रीं अधिकारी येऊन तिच्या कुशींतून मुलें ओढून नेतात. नाट्यपट संपतो. अखेरीस पडद्यावर अक्षरें उमटतात कीं ह्यांतील सर्व प्रसंग ब्रिटनमध्यें गेल्या अठरा महिन्यांत घडलेले आहेत.

लोचच्या कसबाविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. हलका कॅमेरा हातांत घेऊन त्यानें खऱ्या रस्त्यांवर चित्रण केलें. स्टेशनांतील प्रसंगीं आजूबाजूनें जाणारे प्रवासी हे खरेच प्रवासी आहेत, आणि एका बाईच्या आकांताकडे वळून पाहून ते पुढें चालते होतात तें नाटक म्हणून नव्हे. चित्र चाललें असतां मधूनच निनांवी भाडेकरूंचे आवाज ऐकूं येतात, प्रतीक्षायादींतील कुटुंबांचे आंकडे ऐकूं येतात. वर्तमान आणि कल्पित ह्यांचें असें मिश्रण करून प्रेक्षकांची फसवणूक केली, असा आक्षेप त्या वेळीं घेण्यांत आला होता. आम्हांला तो वजनदार वाटत नाहीं. ग्रीक नाटकांत जें काम कोरस करी तें येथें आंकडे करतात. नायिकेचें दुःख एकटीचें नव्हे हें ते मधून मधून सांगत राहतात. आणि तें आश्रयगृह तर कल्पित नव्हतेंच. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यानें जुना ‘पुअर लॉ’ रद्द झाला, तरी त्याच कायद्यांत तातडीची जागा कोणाला द्यावयाची हें सांगतांना एक अट होती: ती गरज आगाऊ ओळखतां येण्याजोगी नसावी. आग लागली, पूर आला, तर जागा. भाडें थकून बाहेर पडावें लागलें तर तें आगाऊ ओळखतां आलें नसतें काय? जागा मिळे तीहि पुष्कळदां जुन्या वर्कहाउसांच्या इमारतींत, आणि तेथें नवऱ्यांना प्रवेश नसे. केंट परगण्यांतील किंग हिल येथील आश्रयगृहांत १९६५-६६ सालीं नवऱ्यांनीं बायकांजवळून हलण्याचें नाकारून चळवळ केली होती. सँडफर्डनें हें सारें जवळून पाहिलेलें होतें.

मग आमचा आक्षेप कोठें आहे? कॅथीच्या निर्दोषपणांत. ती सुंदर आहे, तरुण आहे, विवाहित आहे, मुलांवर जीव टाकणारी आहे. नवरा कष्टाळू आहे. दोघांच्या हातून हंसतखेळत थोडी चैन झाली असेल, यापलीकडे त्यांच्या नांवावर कांहींहि मांडतां येत नाहीं. संकटें येतात तीं बाहेरून, एकामागून एक. ॲरिस्टॉटलनें सांगितलें आहे कीं ज्याच्यावर संकट यावयास नको होतें त्याच्यावर तें आलेलें पाहून करुणा उपजते. पण त्यानेंच पुढें बजावलें आहे कीं सर्वथा सज्जन मनुष्याचा अधःपात पाहून करुणेऐवजीं केवळ किळस येतो, म्हणून नायकाच्या हातून कांहीं प्रमाद घडलेला असावा. सँडफर्डनें नायिकेस तोहि प्रमाद ठेवला नाहीं. त्याला शोकान्तिका लिहावयाची नव्हती, खटला चालवावयाचा होता. आणि खटल्यांत साक्षीदार निष्कलंक असलेला बरा, हें कोणीहि वकील सांगेल. आपल्या भरतमुनींची दृष्टि येथें अधिक उदार वाटते. करुणरसाचे विभाव सांगतांना त्यांनीं शाप, क्लेश, प्रियजनांचा वियोग, वैभवाचा नाश, बंधन अशीं कारणें गणलीं. वैभव गेलें तें कोणाच्या चुकीनें गेलें, ही चौकशी त्यांनीं केली नाहीं.

ही चौकशी १९७७ च्या कायद्यानें केली, आणि ती इतक्या कसोशीनें केली कीं तो कायदा टीकावाङ्मयाचा नमुना म्हणून वाचावा. स्थानिक कौन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या जातीची संस्था. विशेष एवढाच कीं १९१९ च्या कायद्यापासून भाड्यानें देण्याकरितां घरें बांधणें हें तिकडे अशा संस्थांचें एक मुख्य काम होऊन बसलें. (१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईंत जो इंप्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ सालीं निघाला, त्याच्या चाळी ज्यांस ठाऊक आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाहीं, त्या ट्रस्टचा नमुना ग्लासगोचाच होता.) बेघरांची जबाबदारी कल्याणखात्याकडून काढून ती घरें बाळगणाऱ्या कौन्सिलांवर टाकली, हा १९७७ च्या कायद्याचा मोठा गुण. आश्रयगृहांत नवराबायकोंची ताटातूट करणें त्यानें संपविलें, हा दुसरा. परंतु घरापर्यंत पोंचण्याच्या वाटेवर त्यानें दरवाजे ठेवले. अर्जदार खरोखर बेघर असला पाहिजे. त्याची गरज अग्रहक्काची असली पाहिजे. म्हणजे पदरीं मुलें असावींत, किंवा स्त्री गरोदर असावी, किंवा वार्धक्य, मनोविकार, अपंगत्व अशा कारणांनीं तो दुर्बल असावा. त्याचा त्या गांवाशीं संबंध असावा. १६६२ च्या कायद्यानें परक्या पॅरिशमधील गरिबांस परत पाठविण्यांत येई, त्याच वृत्तीचा हा नातू. आणि शेवटचा दरवाजा असा कीं तो ‘इन्टेन्शनली होमलेस’ नसावा.

ह्या शब्दांचें मराठी काय करावें? ‘हेतुपुरस्सर बेघर’ म्हटलें तर बेघर होणें हाच हेतु होता असा अर्थ निघतो, आणि असा मनुष्य पृथ्वीवर विरळा. ‘स्वतःच्या दोषानें बेघर’ म्हटलें तर कायदा म्हणेल कीं आम्ही दोषाचें नांवहि काढलें नाहीं. कायद्याचें म्हणणें असें कीं, ज्या घरांत राहणें शक्य व वाजवी होतें तें घर अर्जदारानें बुद्ध्या केलेल्या किंवा बुद्ध्या टाळलेल्या एखाद्या कृत्यामुळें गेलें, तर तो ह्या वर्गांत पडला. बुद्धि कृत्याची लागते, परिणामाची नव्हे. वस्तुस्थिति ठाऊक नसतां सद्भावनेनें केलेलें कृत्य मात्र बुद्ध्या समजावयाचें नाहीं. हें कलम मूळ विधेयकाचा आत्मा नव्हे. घरें पटकावण्यास लोक मुद्दाम बेघर होतील, वर्षानुवर्षें रांगेंत उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसांच्या पुढें घुसतील, अशी ओरड कौन्सिलांनीं आणि पार्लमेंटांतील कांहीं सभासदांनीं केली, तेव्हां तें आलें. म्हणजे कायद्याला जी बेघर स्त्री मान्य होती ती कॅथी, आणि जिची त्याला धास्ती होती ती कॅथीचें सोंग घेतलेली कोणी दुसरी.

आपल्या पुराणांतील बेघरांस ह्या कलमाची फूटपट्टी लावून पहावी. युधिष्ठिर आणि नल हे दोघेहि पहिल्याच दिवशीं अपात्र ठरतात. द्यूत खेळणें हें बुद्ध्या केलेलें कृत्य आहे, आणि त्याचा परिणाम वनवास. आपल्या अंगांत कलि शिरला होता असें नलानें सांगितलें असतें तर अधिकाऱ्यानें वैद्यकीय दाखला मागितला असता. ‘मृच्छकटिकां’तील चारुदत्त औदार्यानें दरिद्री झाला, पण दान हेंहि बुद्ध्याच केलेलें असतें. द्रौपदीची गोष्ट जरा निराळी आहे. नवऱ्याच्या कृत्यास पत्नीची संमति होती काय, हा प्रश्न इंग्लंडांतील न्यायालयांस लवकरच पडला. १९८१ सालच्या नॉर्थ डेव्हन कौन्सिलच्या खटल्यांत पुरुषानें शेतावरची नोकरी सोडली आणि नोकरीबरोबर मिळालेलें घर गेलें. मागाहून स्त्रीनें आपला स्वतंत्र अर्ज केला. न्यायालयानें म्हटलें कीं तिला अर्जाचा अधिकार आहे, पण तिनें त्याचें कृत्य मुकाट्यानें मान्य केलें असलें तर कौन्सिलनें तें तिच्याहि पदरांत घालण्यास हरकत नाहीं. भर सभेंत प्रश्न विचारून द्रौपदीनें आपली असंमति नोंदविली होती, हें तिच्या उपयोगीं पडलें असतें.

ही थट्टा झाली. पण कलमाचे परिणाम थट्टेचे नाहींत. १९८१ सालींच हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें वाँड्झवर्थ कौन्सिलचा खटला आला. एका कुटुंबाचें भाडें थकलें, आणि घर खालीं करण्याचा हुकूम होण्यापूर्वींच तें आप्तांकडे जाऊन राहिलें. आप्तांनींहि कांहीं महिन्यांनीं निघावयास सांगितलें. तेव्हां कुटुंब कौन्सिलकडे गेलें. आम्ही तेथेंच थांबलों असतों तरी एव्हांना बाहेर काढले गेलोंच असतों, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमतानें निकाल झाला कीं, तें कांहींहि असो, तुम्ही घर सोडलें त्या दिवशीं सोडण्याची गरज नव्हती; तेव्हां तुम्ही बुद्ध्याच बेघर. ह्या निकालाचा धडा उघड होता. तंटा न वाढवितां, मालकाला त्रास न देतां, लौकर जागा मोकळी करून देणारा भला भाडेकरू फसला. बेलिफ दार फोडीपर्यंत बसून राहणारा तरला. पुढें कौन्सिलांचे अधिकारीच भाडेकरूंस ‘बेलिफ येईपर्यंत हलूं नका’ असा सल्ला देऊं लागले, आणि बेघरपणा टाळण्याऐवजीं त्याची वाट पाहण्यांत येऊं लागली.

येथें अधिकारी हा टीकाकार बनतो, हें आमच्या वाचकांच्या लक्षांत आलें असेल. अर्जदार आपली कहाणी सांगतो. अधिकारी ती तपासतो. कोणतें घर कां सुटलें, त्याआधींचें कां सुटलें, आणि पहिल्या घटनेपासून आजच्या घटनेपर्यंत कारणांची सांखळी अखंड आहे काय, हें तो पाहतो. एका गोष्टीनंतर दुसरी घडणें निराळें आणि एकीमुळें दुसरी घडणें निराळें, हें नाटककारांस सांगितलेलें सूत्र तो रोज कचेरींत वापरतो. १९९६ च्या कायद्याप्रमाणें निर्णय प्रतिकूल असल्यास तो कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि अर्जदारास तो फेरतपासावयास लावितां येतो. न्यायालयांच्या निकालांतून ह्या निर्णयपत्रांचे उतारे वाचावयास मिळतात. त्यांत सभ्यपणा असतो, बारकाई असते, आणि कॉलेजांतील परीक्षकाच्या शेऱ्यासारखी एक थंड खात्री असते. २०१५ सालीं वॉल्टॅम फॉरेस्ट कौन्सिलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयास ठरवावें लागलें कीं, एका गरोदर स्त्रीनें एकट्या माणसांसाठीं असलेलें वसतिगृह दुर्गंधीचें कारण सांगून सोडलें, आणि मग तिला मूल झालें. आतां तिच्या बेघरपणाचें कारण कोणतें? मूल झाल्यावर त्या वसतिगृहांत तिला राहूं दिलेंच नसतें, सबब मुलाच्या जन्मानें ती सांखळी तुटली, असें न्यायालयानें म्हटलें. चौतीस वर्षांपूर्वींच्या निकालाची धार त्यामुळें बोथट झाली. कथानकांत नवें पात्र आलें कीं जुन्या प्रमादाचा अंमल संपतो, असा कांहींसा हा न्याय आहे. आणि तो आम्हांला पटतो.

ज्यांच्या बाबतींत सांखळी तुटत नाहीं त्यांचें काय होतें? मुलें असलेल्या अशा कुटुंबास कौन्सिलनें थोड्या काळापुरती जागा व सल्ला द्यावयाचा, इतकेंच. त्यानंतर मुलांचा प्रश्न १९८९ च्या मुलांविषयींच्या कायद्याखालीं जातो. २००३ सालीं बार्नेट व लँबेथ ह्या लंडनमधील कौन्सिलांच्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें तीन विरुद्ध दोन मतांनीं असें ठरविलें कीं, बेघर कुटुंबांतील मुलांस आईबापांसह जागा दिलीच पाहिजे असें कर्तव्य कौन्सिलवर नाहीं; मुलांपुरती सोय करण्याची तयारी तिनें दाखविली तरी कायद्याची पूर्तता होते. लँबेथच्या प्रकरणांतील आई भाडें थकल्यामुळें बुद्ध्या बेघर ठरलेली होती. ज्या शेवटच्या प्रसंगानें एक कोटि वीस लक्ष प्रेक्षक हवालदिल झाले, तो प्रसंग सदतीस वर्षांनीं देशाच्या श्रेष्ठ न्यायपीठानें कायदेशीर ठरविला. फरक एवढाच कीं ही आई कॅथीइतकी निर्दोष नव्हती. नाट्यपटाच्या चाहत्यांनीं ह्यावर कांहीं म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आणि गंमत अशी कीं, सँडफर्डला स्वतःला कॅथीचा अपुरेपणा कळलेला होता असें दिसतें. १९७१ च्या ऑक्टोबरांत बी. बी. सी. नेंच त्याचा दुसरा नाट्यपट दाखविला: ‘एड्ना, दि इनीब्रिएट वूमन’; दिग्दर्शक टेड कॉचेफ. ही एड्ना म्हातारी आहे, दारू पिते, अंगावर कपड्यांचे थर चढवून फिरते, उपकार करणारांवर खेंकसते. ती धर्मशाळांतून वेड्यांच्या इस्पितळांत, तेथून तुरुंगांत, तेथून रस्त्यावर अशी भटकत राहते. तिला माणूस म्हणून वागविणारें एक घर तिला मधें सांपडतें. तेंहि शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळें बंद पडतें. पॅट्रिशिया हेज हिला ह्या भूमिकेबद्दल बॅफ्टा पारितोषिक मिळालें. आमच्या मतें हा नाट्यपट कॅथीहून सरस आहे. कॅथी ही घडणाऱ्या गोष्टी सोसते. एड्ना स्वभावानें गोष्टी घडवून आणते, त्यांत तिचें नुकसान होतें, आणि तरीहि प्रेक्षक तिचा हात सोडूं शकत नाहीं. कॅथीविषयीं दया येते ती आपण तिच्या जागीं असतों तर, ह्या विचारानें. एड्नाच्या जागीं आपण कधींच नसूं अशी प्रत्येकाची खात्री असते, आणि म्हणून तिच्याविषयीं वाटणारी दया अधिक दुर्मिळ जातीची आहे. पण एड्नाच्या नांवानें कायदा झाला असें कोणी म्हणत नाहीं.

एकट्या बेघरांस इंग्लंडांतील कायद्यानें कसें वागविलें हें पाहिलें म्हणजे ह्याचें आश्चर्य वाटत नाहीं. मुलें नसलेल्यास ‘दुर्बल’ ठरल्यावांचून अग्रहक्क नाहीं. दुर्बल म्हणजे कोणाहून दुर्बल? १९९८ पासून न्यायालयांनीं अशी कसोटी लावली कीं, सामान्य बेघर माणसाच्या मानानें जो आपली काळजी घेण्यास असमर्थ असेल तो दुर्बल. आतां रस्त्यावर राहणारांपैकीं पुष्कळ लोक आजारी असतात, खिन्न असतात, व्यसनी असतात. तेव्हां सामान्य बेघर मनुष्य हा आजारीच धरावयाचा, आणि आजारी अर्जदार हा सामान्य ठरून परत जावयाचा! सतरा वर्षें हें तर्कशास्त्र चाललें. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मोडून काढलें, आणि तुलना सामान्य माणसाशीं करा, तो बेघर झाला असतां जसा राहील तसा राहणाऱ्या माणसाशीं करा, असें सांगितलें.

येथपर्यंत कायद्याची बाजू घेणारास आम्ही बोलूं दिलें नाहीं. आणि त्याची बाजू पोकळ नाहीं. तो म्हणेल: घरें शंभर आणि मागणारे हजार असतील तर कोणती तरी कसोटी लावावीच लागेल, ती कसोटी कोणतीहि असो, टीकाकारास ती क्रूर वाटणारच. हें खरें आहे. जुन्या पद्धति काय फार दयाळू होत्या? मायकेल यंग व पीटर विल्मट ह्यांनीं १९५७ सालीं लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागाविषयीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत लग्न ठरलेल्या मुलीची आई भाडें गोळा करणाऱ्या माणसाजवळ मुलीसाठीं शब्द टाकते आणि जवळपास बिऱ्हाड मिळवून देते, असें वर्णन आहे. आपल्याकडे ह्याला वशिला म्हणतात. जिला आई नाहीं, किंवा जिची आई दुसऱ्या देशांत राहिली, तिनें काय करावें? कौन्सिलांनीं वशिल्याच्या जागीं तपासनीस आणले. ते घरीं येऊन चादरी, भांडीं, मुलांचे केस पाहत आणि त्यावरून नवें घर द्यावें कीं जुनें कळकट द्यावें हें ठरवीत. १९६९ सालीं कलिंगवर्थ समितीनें ह्या नीतिपाठांस नांवें ठेवलीं. मग गुण मोजण्याची पद्धति आली: दाटीला इतके गुण, आजाराला इतके गुण. आतां पुष्कळ ठिकाणीं वर्ग पाडलेले असतात, घरांची जाहिरात होते आणि अर्जदार त्यांवर ‘बिड’ करतो, म्हणजे बोली लावतो. पैसा एक नाहीं आणि म्हणे बोली! तो आपल्या हालांची बोली लावतो, आणि ज्याचे हाल अधिक त्याला घर. दिव्याच्या जाहिरातीसारखा हा शब्द ज्यानें निवडला त्याला भाषेची तालीम द्यावयास हवी होती.

परंतु शंभर घरें आणि हजार मागणारे हें प्रमाण आकाशांतून पडलेलें नाहीं, हें कायद्याच्या वकिलास सांगितलें पाहिजे. १९८० च्या कायद्यानें कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतें घर सवलतीनें विकत घेण्याचा हक्क दिला. इंग्लंडांत अशीं सुमारें वीस लक्ष घरें विकलीं गेलीं. घेणारांचें त्यांत कल्याण झालें. त्यांत कित्येक कष्टाळू कुटुंबें होतीं, आणि त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण विकलेल्या घरांच्या जागीं तितकीं घरें बांधलीं गेलीं नाहींत. २०२३ सालीं इंग्लंडांत एक लक्षाहून अधिक कुटुंबें कौन्सिलनें दिलेल्या तात्पुरत्या जागेंत दिवस काढीत होतीं. घरें जसजशीं कमी होतात तसतशी अधिकाऱ्याची टीकादृष्टि तीक्ष्ण होत जाते. दोष सांपडला नाहीं तर घर द्यावें लागेल, आणि घर तर नाहीं. तेव्हां दोष सांपडणें ही सोय होऊन बसते. हा अधिकारी दुष्ट आहे असें आम्ही मानीत नाहीं. त्याच्या हातीं कात्री दिली आहे आणि कापड दिलेलें नाहीं.

कसोटीपूर्वींच मदत करावी, हा विचार मागाहून आला. वेल्सनें २०१४ च्या कायद्यांत, आणि इंग्लंडनें २०१७ च्या कायद्यांत तो घेतला. दुसरा बॉब ब्लॅकमन ह्या सभासदानें, पुनः खाजगी विधेयक म्हणूनच, मांडलेला होता, आणि तो एप्रिल २०१८ पासून अंमलांत आला. ५६ दिवसांच्या आंत घर जाण्याचा धोका असेल तर कौन्सिलनें तें वांचविण्याचा यत्न करावयाचा, आणि घर गेलेंच तर आणखी ५६ दिवस नवें मिळवून देण्यास साहाय्य करावयाचें. ह्या दोन्ही अवस्थांत मुलें आहेत कीं नाहींत, चूक कोणाची, हें विचारावयाचें नाहीं. एड्नासारख्यांची इंग्लंडांतील कायद्यांत ही पहिली खरी नोंद म्हणावयास हरकत नाहीं. पण ते दिवस भरले म्हणजे जुने दरवाजे जागच्या जागीं उभे आहेत.

स्कॉटलंडनें अधिक धैर्य दाखविलें. २००३ सालीं कायदा करून, आणि दहा वर्षें हळूहळू तयारी करून, २०१२ च्या अखेरीस त्यानें अग्रहक्काची अटच काढून टाकली. जो बेघर तो हक्कदार. बेघरपणा बुद्ध्या आहे काय, ही चौकशीहि २०१९ पासून तेथें कौन्सिलच्या मर्जीवर ठेवण्यांत आली, कर्तव्य म्हणून राहिली नाहीं. घरें मात्र तेथेंहि पुरेशीं नाहींत. २०२३ च्या नोव्हेंबरांत एडिंबरो आणि ग्लासगो ह्या दोन्ही कौन्सिलांनीं घरांच्या बाबतींत आणीबाणी जाहीर केली. तेव्हां एड्ना आज ग्लासगोच्या कचेरींत आपलीं बोचकीं घेऊन शिरली तर तिलाहि वाट पहावी लागेल, कदाचित् एखाद्या हॉटेलच्या खोलींत महिनेच्या महिने. पण टेबलापलीकडील तरुणानें तिला, आपण किती आजारी आहां, किती पितां, मागचें बिऱ्हाड कशानें सुटलें, हें विचारून तिच्या उत्तरावर तिचें पारडें ठरवावयाचें नाहीं. विचारावयाचें असेल तर तिनेंच विचारावें, घर कोठें आहे म्हणून. आणि त्यानें उत्तर द्यावें.